पाण्यापाशी जिप्सी थांबते तेव्हा

मे महिन्यात नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागायचं. बुटीबोरी, जांब, हिंगणघाट, वडनेर, वडकी, करंजी. दोन्ही बाजूंना नांगरून उघडी टाकलेली काळी वावरं, बांधावर वाळलेल्या पऱ्हाटीचे ढीग आणि डांबरावर सतत पुढे पुढे पळणारं मृगजळ. विदर्भातल्या माणसाला मृगजळ बघायला राजस्थानात जावं लागत नाही. सकाळी अकरानंतर वावरात माणूस दिसत नाही, आणि दुपारी एकला तर पाखरूही दिसत नाही. दीडशे किलोमीटरवर पांढरकवडा येतं. तिथून जवळच सुन्ना नावाचं गाव आहे, आणि गावापाशी वनखात्याचं फाटक. फाटकाशी उघड्या टपाच्या जिप्सी रांगेनं उभ्या असतात. चालक सीटवर ओला पंचा अंथरतात, कारण उन्हानं तापलेल्या रेक्झिनवर नुसतं बसवत नाही.

टिपेश्वर अभयारण्य ते हेच. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेलं, १४८.६३ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं. जंगलातल्या टिपाई देवीवरून त्याला हे नाव पडलं. पलीकडे तेलंगणची हद्द, आदिलाबाद तासाभराच्या आत. देशातल्या नामांकित व्याघ्र प्रकल्पांपुढे हे रान आकारानं फारच लहान. तरी गेल्या दहा वर्षांत वाघ बघायला येणाऱ्यांच्या तोंडी ताडोब्यानंतर याचं नाव येऊ लागलं आहे.

पर्यटनाच्या माहितीत टिपेश्वरला एक बिरुद हमखास चिकटलेलं असतं : ‘दक्षिण महाराष्ट्रातलं हिरवं मरूद्यान’. त्याचं कारणही तिथंच दिलेलं असतं, की पूर्णा, कृष्णा, भीमा आणि तापी या नद्यांच्या पाण्यावर हे जंगल हिरवं राहतं. हे वाक्य इतक्या ठिकाणी उतरवून घेतलं गेलं आहे, की ते खरं वाटू लागतं. पण नकाशा उघडून बघावा. कृष्णा आणि भीमा पश्चिम महाराष्ट्रातून निघून कर्नाटकात उतरतात. तापी सातपुड्याच्या कडेनं पश्चिमेला खंबातच्या आखाताकडे जाते आणि विदर्भातली पूर्णा तिलाच मिळते. यांतली एकही नदी पांढरकवड्याच्या आसपास फिरकत नाही. यवतमाळ जिल्ह्याचं पाणी वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांचं आहे. अरुणावती, अडाण, पूस, बेंबळा, खुनी या जिल्ह्याच्या नद्या या ना त्या वाटेनं त्यांनाच मिळतात. पुढे पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता गोदावरीला, असा हा प्रवास. आणि टिपेश्वर दक्षिण महाराष्ट्रात नाही, ते विदर्भात आहे.

मग मरूद्यान हा शब्दही चुकीचा का? तो मात्र बरोबर आहे. त्याचं कारण तेवढं दुसरं आहे.

खरं मरूद्यान कसं असतं, ते इजिप्तच्या सिवा या गावात दिसतं. लिबियाच्या सीमेजवळ, चहूबाजूंनी वाळूनं वेढलेला हा खोलगट भाग समुद्रसपाटीपेक्षाही सुमारे १९ मीटर खाली आहे. पाऊस वर्षाला काही मिलिमीटर, म्हणजे जवळपास नाहीच. तरी तिथं खजुराच्या आणि ऑलिव्हच्या बागा आहेत, कारण जमीन इतकी खाली गेली आहे की भूगर्भातलं हजारो वर्षांपूर्वीचं पाणी झऱ्यांच्या रूपानं आपोआप वर येतं. इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये सिकंदर वाळवंट तुडवत तिथल्या आमोन देवाचा कौल घ्यायला गेला होता. आज पर्यटक फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांतून जातात आणि टेकड्यांच्या उतारावरून गाड्या घसरवण्याचा खेळ करतात.

त्या वाळवंटातल्या मोटारींच्या जुन्या फेऱ्यांची गोष्ट इथं सांगण्याजोगी आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत राल्फ बॅग्नोल्ड नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरला. त्या गाड्यांच्या फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर मिळे. बॅग्नोल्ड आणि त्याच्या सोबत्यांनी टायरमधली हवा कमी केली, म्हणजे चाक वाळूवर पसरतं आणि रुतत नाही. रेडिएटरमधून वाफ होऊन उडणारं पाणी पुन्हा थंड करून वापरायची सोय केली, आणि फसलेल्या चाकांखाली घालायला लोखंडी पट्ट्या बरोबर नेल्या. वाळूच्या समुद्रातून पार होताना त्यांना गाडीच्या ताकदीपेक्षा पाण्याचा हिशेब जास्त उपयोगी पडला.

टिपेश्वरची गोष्ट सिवाच्या उलट आहे. यवतमाळ जिल्ह्यात वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरच्या घरात किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. वाळवंट म्हणावं असं इथं काही नाही. पण तो पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा आहे. वर मातीचा थर, खाली अखंड खडक. भेग असेल तिथं पाणी मुरतं, नसेल तिथं नाल्यानं धावत सुटतं. डोंगरउतारावर झाडं असतील तर ते अडतं, पालापाचोळ्यात जिरतं आणि नाल्याच्या डोहात पुढचे काही महिने झिरपत राहतं. झाडं गेली की जून ते सप्टेंबर पूर आणि मार्च ते जून कोरड. म्हणजे इथं वाळवंट जागेचं नसून महिन्यांचं आहे. वर्षातून तीन महिने ते येतं, पारा पंचेचाळिसाला भिडवतं आणि पहिल्या पावसाबरोबर निघून जातं.

या तीन महिन्यांची झळ जिल्ह्याच्या गावालाही चुकत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली होती. नळाला कित्येक दिवसांनी पाणी यायचं, टँकरमागे रांगा लागायच्या. ती रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाणवठ्यावरच्या हरणांची ओढ समजावून सांगावी लागत नाही.

तर अशा दिवसांत जिप्सी फाटकातून आत शिरते. मारुतीनं ही गाडी १९८५ च्या अखेरीस भारतात आणली. पोलीस, लष्कर आणि वनखातं यांनी ती उचलून धरली, आणि २०१९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं तरी जंगलात ती अजून चालतेच आहे. वजन टनाच्या आत-बाहेर, त्यामुळे रुतली तरी चार जणांनी ढकलून निघते. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी एक आखूड दांडा असतो. एरवी इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना मिळतो. तो आखूड दांडा ओढला की पुढची दोन चाकंही कामाला लागतात. आणखी एका घरात टाकला की गाडी माणसाच्या चालीनं सरकते, पण चाकांतली ताकद बरीच वाढते. मार्चपर्यंत त्या दांड्याला हात लावायची वेळ क्वचित येते. कोरडा पडलेला नाला ओलांडताना मात्र मागची चाकं रेतीत नुसती गरगरू लागतात. चालक थांबतो, दांडा ओढतो, ॲक्सिलरेटरवर पाय न वाढवता क्लच सोडतो. पुढची चाकं काठ धरतात आणि गाडी झाडाच्या मुळ्यांवरून हिसके देत वर येते. यात घाई करणारा चालक गाडी अडकवतो. पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेली ही गाडी पाठीचं हाडन् हाड मोजते, हे मात्र आधी सांगितलेलं बरं.

फाटकापासून पहिली काही मिनिटं निराशा होते. हिरवं मरूद्यान म्हणून आलेल्या माणसाला दिसतं राखाडी रान. हे सागाचं जंगल आहे आणि साग उन्हाळ्यात पानं टाकतो. जमिनीवर ताटाएवढाल्या वाळल्या पानांचा थर, चाकाखाली पापडासारखा मोडणारा. ऐन, धावडा, सालई यांचे नुसते सांगाडे. पळसाचा बहर होळीच्या आसपास उरकलेला, मोहाची फुलंही वेचून झालेली. तेंदूला तेवढी नवी पालवी, आणि ती तोडायला आसपासच्या गावांतली माणसं पहाटेपासून बाहेर पडलेली. झाडांना सावली नाही. हवा इतकी स्तब्ध की लांबच्या वानराच्या पायाखालचं पान वाजलं तरी ऐकू येतं.

आणि मग रस्ता उतरतो. उताराच्या तळाशी नाला असतो, आणि नाल्याच्या दोन्ही काठांनी एकदम हिरवी रेघ उमटते. अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज. यांची मुळं खडकाच्या फटीतून पाण्यापर्यंत पोचलेली असतात, म्हणून सगळं रान राखेसारखं झालं तरी यांची पानं टिकतात. ही रेघ कुठं वीस पावलं रुंद, कुठं पन्नास. त्या सावलीत शिरताच अंगाला लागणारा फरक थर्मामीटरशिवाय कळतो. टिपेश्वरचं मरूद्यान म्हणजे अख्खं दीडशे चौरस किलोमीटर रान नव्हे. मरूद्यान म्हणजे ही रेघ, आणि तिच्यावर मधे मधे ओवलेले डोह.

अशा एखाद्या डोहापाशी जिप्सीचं इंजिन बंद करून बसलं तर काय दिसतं, ते नीट सांगायला हवं, कारण बहुतेक पर्यटक ते न बघताच परततात.

सगळ्यात आधी दिसतात मधमाश्या. पाण्याच्या कडेच्या ओल्या चिखलावर त्या शेकड्यांनी बसलेल्या असतात. पोळं थंड ठेवायला त्यांना पाणी लागतं. पोटातल्या मधाच्या पिशवीत पाणी भरून त्या नेतात, पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. त्यांच्या शेजारी फुलपाखरांचा पुंजका, चिखलातले क्षार शोषणारा. मग वानरं उतरतात. एक मोठा हुप्प्या झाडावर पहाऱ्याला आणि बाकीची ओणवी होऊन पाण्याला तोंड लावलेली. वानरं निर्धास्त आहेत असं दिसल्यावर चितळं येतात. पण येतात म्हणजे काय, तर दहा पावलं पुढे आणि सहा मागे. पुढची मादी पाय आपटते, कान फिरवते, सगळा कळप गोठतो. एवढं करून पाण्याला तोंड लावलं की जेमतेम अर्धं मिनिट. पाण्यावर मान खाली घातलेलं हरीण आंधळं असतं, आणि हे हरणालाही ठाऊक असतं. मोर पाण्याचा एकेक घोट घेऊन मान वर करतो. कधी एखादा चौशिंगा येतो, एकटाच, झुडपाच्या आडून. चार शिंगं असणारा हा हरणासारखा छोटा प्राणी पाण्यापासून फार लांब राहत नाही. त्यामुळे ज्या रानात तो दिसतो, तिथं उन्हाळ्यातही जवळपास कुठं तरी पाणी टिकून आहे असं खुशाल समजावं.

वाघ आला तर दुपार कलताना येतो. पाण्यापाशी आल्यावर तो वळतो आणि पाठमोरा, मागचे पाय आधी टाकत, डोहात उतरतो. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. तोंडावर पाणी उडू नये म्हणून तो असं करतो, असं जाणकार सांगतात. मग हनुवटी काठावर ठेवून तासभर बसून राहतो. मांजराच्या कुळातली बहुतेक जनावरं पाण्याचा कंटाळा करतात, वाघ मात्र उन्हाळ्यात पाण्यातच दिवस काढतो. टिपेश्वरच्या गाइड मंडळींनी एका वाघिणीचं नावच ‘तलाववाली’ ठेवलं आहे, दुसरीचं ‘आर्ची’. वनखात्याच्या वहीत त्यांना आकडे आहेत, जिप्सीत मात्र नावंच चालतात.

हे सगळं पाणी निसर्गाचं नाही, हेही माहीत असावं. एप्रिल संपता संपता बरेचसे डोह आटतात. तेव्हा वनखात्याचे कृत्रिम पाणवठे कामी येतात. जमिनीत बशीच्या आकाराचा सिमेंटचा खळगा असतो, काठ इतका उथळ की पाडस आत पडलं तरी चालत बाहेर यावं. जुन्या काळी उभ्या भिंतीची टाकी बांधत, आणि त्यात पडून लहान जनावरं मरत. ती चूक सुधारून ही बशी आली. पाणी टँकरनं भरतात, किंवा बोअरवेलवर सौर पंप बसवतात. सौर पंपाची एक गोष्ट फार चांगली आहे : ऊन जितकं कडक तितका तो जोरात चालतो. ज्या दिवशी जनावरांना पाण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी तो सर्वांत जास्त पाणी देतो.

पण पाणवठा बांधला की काम संपत नाही. रानात सगळीकडे पाणी आटलं आणि एकाच जागी उरलं, की अभयारण्यातली सगळी तोंडं तिथं येतात, आणि मागोमाग शिकारीही येतो. त्यात दोन पायांचेही असतात. पाण्यात विष कालवून जनावरं मारण्याचे प्रकार भारतातल्या जंगलांत घडलेले आहेत. म्हणून वनरक्षक आणि वनमजूर उन्हाळ्यात पाणवठ्यांच्या फेऱ्या घालतात : काठावर मेलेले पक्षी, किडे दिसतात का, पाण्याला वेगळा वास येतो का, पायवाटेवर तारेचा फास लावलाय का. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात खाकी घालून पायी चालणारी ही माणसं जिप्सीतल्या कॅमेऱ्यांत कधी येत नाहीत. सफारीची ‘सायटिंग’ त्यांच्याच चालण्यावर उभी असते. तारेच्या फासाची भीती कल्पनेतली नाही. गळ्यात फास रुतलेल्या वाघिणी टिपेश्वरमध्ये सापडल्या आहेत. रानडुकरासाठी लावलेली तार वाघाच्या मानेत अडकते, आणि वाघ वाढत जातो तशी ती आत रुतत जाते.

जिप्सीची स्वतःची शिस्तही याच पाण्याशी जोडलेली आहे. एका वेळी किती गाड्या सोडायच्या, वेग किती ठेवायचा, गाडीतून उतरायचं नाही, वाट सोडायची नाही, हे नियम कागदावर आहेत. ते मोडले तर काय होतं, ते २०२४ च्या शेवटच्या दिवशी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. पाच बछडे घेऊन निघालेल्या वाघिणीची वाट दोन्ही बाजूंनी सफारी गाड्यांनी अडवली. त्याची चित्रफीत पसरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ही वेळ पाणवठ्यावर आणू नये. तहानलेली वाघीण रस्ता बदलू शकते. पण ज्या रानात पाणी एकाच जागी आहे, तिथं ती डोह बदलू शकत नाही.

अभयारण्याच्या कडेला माणसंही राहतात. पांढरकवडा-घाटंजीच्या या पट्ट्यात गोंड, परधान, बंजारा आणि कोलाम आहेत. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना आदिम म्हणून नोंदलं आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम येतात, आणि कोलामांची महाराष्ट्रातली मोठी वस्ती याच जिल्ह्यात आहे. त्यांची कोलामी भाषा द्रविड कुळातली, मराठीशी नातं नसलेली, पण पोडावरचं लेकरू दोन्ही बोलतं. नाला आटला की रेतीत हातभर खड्डा करून त्यात झिरपलेलं पाणी वाटीनं काढायचं, ही झिऱ्याची युक्ती या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वाघासाठी टँकर भरतो आणि पोडावरचा हातपंप कोरडा राहतो, असं जेव्हा होतं, तेव्हा वनखात्यावरचा राग पाण्यातून जन्मतो, वाघातून नव्हे. टिपेश्वरच्या भोवतालच्या गावांना उन्हाळ्यात पाणी मिळणं हा वन्यजीव रक्षणाचाच भाग आहे. त्याला वेगळं खातं आणि वेगळी फाइल असू नये.

आता मरूद्यान या शब्दाचा दुसरा अर्थ. मरूद्यान एकटं जगत नाही. सिवा टिकलं ते उंटांच्या तांड्यांच्या वाटांमुळे, एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंतच्या. टिपेश्वरभोवती वाळूऐवजी कपाशी आणि तूर आहे, पण वाघाला त्यातून वाट काढावीच लागते. दीडशे चौरस किलोमीटरमध्ये वाघ वाढले, की तरण्या नरांना बाहेर पडावं लागतं.

त्यांतल्या एकानं सगळ्या जगाला ही वाट दाखवली. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या सी-१ या तरुण नराच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसवली होती. जूनमध्ये पाऊस लागल्यावर तो निघाला. तेलंगणात गेला, परत आला, पश्चिमेला वळला, शेतांतून, नाल्यांतून, महामार्ग ओलांडून, बहुतेक रात्रीचा चालत राहिला. डिसेंबरमध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नकाशावर सरळ रेघ मारली तर हे अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर. त्यानं मात्र जागा शोधत, फिरत फिरत नऊ महिन्यांत एकूण तीन हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवली. भारतात वाघाची इतकी लांब चाल त्याआधी नोंदलेली नव्हती. त्याला ‘वॉकर’ हे नाव पडलं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतले शास्त्रज्ञ त्याची कॉलर वाचत होते. उपग्रहानं टिपलेली त्याची हजारो ठिकाणं नकाशावर मांडली, तेव्हा कपाशीच्या पट्ट्यातून जाणारी एक वाट उमटली. त्या नकाशावरच्या शेतांत राबणाऱ्या बहुतेकांना आपल्या बांधावरून वाघ गेल्याचा पत्ताही लागला नव्हता. दिवसा तो नाल्याच्या झाडीत बसून राही. म्हणजे टिपेश्वरमधली ती हिरवी रेघच त्याला बाहेरही उपयोगी पडली.

२०२४ च्या डिसेंबरात असाच आणखी एक तरुण वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात आला. पट्टे जुळवून पाहिले तर तोही टिपेश्वरचा निघाला. चारशेहून अधिक किलोमीटर चालून तो जिथं पोचला, ते अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. पुढे तो बार्शीच्या बाजूलाही दिसला. मराठवाड्यात वाघ कसा, म्हणून लोकांना आश्चर्य वाटलं. त्याच्या दृष्टीनं तो पुढच्या पाण्याच्या शोधात होता.

प्रत्येक वाट अशी सुखाची होत नाही. पांढरकवडा वनविभागातच, राळेगावच्या बाजूला, अवनी या वाघिणीचा शेवट २ नोव्हेंबर २०१८ ला बोराटी गावाजवळ बंदुकीच्या गोळीनं झाला. दोन वर्षांत तेरा माणसं तिनं मारल्याचा ठपका तिच्यावर होता. तिला मारायचं की पकडायचं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मागे तिचे दोन बछडे उरले. तेरा घरांतली माणसं गेली, हे त्या वादाच्या आवाजात शहरांतल्या लोकांना पुरेसं ऐकू आलं नाही. आणि अभयारण्याबाहेरच्या विरळ झाडीत, गुरांच्या कुरणात आणि कपाशीत अडकलेल्या वाघिणीला दुसरीकडे जायला वाट नव्हती, हेही कमी बोललं गेलं.

वाटा करता येतात, याचा दाखला याच रस्त्यावर आहे. ज्या ४४ क्रमांकाच्या महामार्गानं टिपेश्वरला यायचं, तोच महामार्ग नागपूरच्या उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून जातो. तिथं रस्ता रुंद करताना वन्यप्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्त्याखालून वाटा ठेवल्या, त्यातली सर्वांत लांब साडेसातशे मीटरची. न्यायालयातल्या लढाईनंतर ते झालं. कॅमेरे लावून पाहिलं, तर वाघापासून रानकुत्र्यांपर्यंत अनेक जनावरं त्या पुलांखालून जाताना दिसली. टिपेश्वरपासून पैनगंगेच्या रानापर्यंत आणि तेलंगणातल्या कवाल व्याघ्र प्रकल्पापर्यंत वाघ आजही ये-जा करतात. त्या वाटेवरचे नाले, त्यांच्या काठची झाडी आणि त्यांतले डोह राखले, तर पुढचा वॉकर कुणाच्या गोठ्यात न शिरता जाईल. नाल्याकाठची झाडी तोडून वावर आणखी चार काकर वाढवण्याचा मोह इथं प्रत्येक शेतकऱ्याला होतो, कारण कोरडवाहू कपाशीवर त्याचं भागत नाही. म्हणून त्याला नुसतं ‘तोडू नको’ म्हणून भागणार नाही. त्या चार काकरांची भरपाई सरकारनं द्यायला हवी, आणि ती वेळेवर द्यायला हवी.

टिपेश्वरला जायचं असेल तर पावसाळा टाळा. तेव्हा सफारी बंद असते. हिवाळ्यात रान सुंदर असतं, पण पाणी सगळीकडे असल्यामुळे जनावरं पांगलेली असतात. एप्रिल-मे गाठा. डोक्याला पंचा बांधा, पाणी भरपूर घ्या, आणि रिकामी बाटली परत आणा. दुपारची फेरी घ्या. आणि गाडीत बसल्या बसल्या चालकाला आणि गाइडला एवढं सांगून ठेवा : वाघ दिसला नाही तरी चालेल, एखाद्या पाणवठ्यावर गाडी बंद करून अर्धा तास थांबूया.